मिस्टर बेपत्ता आहेत, त्यांचा टर्म प्लॅन बंद करू का?

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलंय: "मिस्टर 14 महिन्यांपूर्वी सकाळी कामाला म्हणून निघाले, ते परत आलेच नाहीत. पोलिसांत मिसिंगची तक्रार आहे. एक खाजगी डिटेक्टिव्ह अडीच लाख मागतोय, सोनं गहाण ठेवून देऊ का? त्यांच्या पन्नास लाखांच्या टर्म प्लॅनचा 14,200 चा वार्षिक हप्ता 3 तारखेला होता, पण भरायला हात धजत नाही. भरला तर त्यांना गेलेलं धरल्यासारखं वाटतं. माझा पगार 31,000, घराचा हप्ता 18,500, मुलगी दहावीत. दोघांच्या नावावर सहा लाखांची एफडी आहे, तिची मुदत मार्चमध्ये संपते."

ताई, आधी हप्त्याचं बोलू. विम्याचा हप्ता जिवंत माणसाचाच भरतात. तुम्ही तो भरलात म्हणजे उलट, ते आहेत असंच धरून चाललात.

आता हिशेब. सात वर्षं जवळच्या माणसांना ज्याची काही खबर नाही, त्याचा मृत्यू कोर्टात गृहीत धरता येतो. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 108 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 111. पण मृत्यू बेपत्ता झाल्या दिवशीच झाला, असं आपोआप धरलं जात नाही. एलआयसीच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2004 साली हे स्पष्ट केलं. त्या खटल्यात हप्ते मध्येच थांबले होते, म्हणून विम्याची पूर्ण रक्कम मिळाली नाही. टर्म प्लॅनला तर सरेंडर व्हॅल्यूही नसते, म्हणजे मध्येच बंद केला तर काही परत मिळत नाही. शिवाय हप्ता न भरल्याने एकदा लॅप्स झालेली, म्हणजे बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करायला तब्येतीचं डिक्लरेशन लागतं, त्यावर मिस्टरांची सही कुठून आणणार? सात वर्षं पुरी होईपर्यंत अजून सहा हप्ते धरा, 85,200 होतात. पन्नास लाखांचं कवच त्यासाठी सोडू नका. उद्या ते दारात उभे राहिले तर हे पैसे वाया गेले म्हणून कोणी रडणार नाही.

डिटेक्टिव्हला माझा नकार आहे. आपल्याकडे त्यांना परवाना देणारा कायदाच नाही, आणि मोबाइलचं लोकेशन किंवा कॉल रेकॉर्ड काढायचा अधिकार पोलिसांसारख्या सरकारी तपास यंत्रणांनाच आहे. तपास थंडावला असेल तर पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज द्या, त्याला पैसे पडत नाहीत. ठाण्याच्या मनोरुग्णालयात आणि कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात फोटो घेऊन स्वतः जाऊन या. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना घरी पोचवायचं काम कर्जतला डॉ. भरत वटवानी करतात, 2018 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला.

शोधासाठी महिन्याला 3,000 चा वेगळा डबा करा, त्याच्या वर जायचं नाही. घराचा हप्ता वजा जाता तुमच्याकडे 12,500 उरतात, त्यातून याहून जास्त निघणं कठीणच. पेपरातली जाहिरात त्यातूनच द्या आणि कात्रण जपून ठेवा, पुढे कोर्टात शोध घेतल्याचा पुरावा म्हणून लागेल. पत्रकावर मात्र स्वतःचा नंबर टाकू नका, पोलीस ठाण्याचा टाका. "माणूस सापडलाय, दहा हजार गूगल पे करा" असे फोन येतात, आणि रात्री अकराला असा फोन आला की भले भले पैसे पाठवून बसतात.

घराच्या कर्जात तुम्ही सहकर्जदार असाल तर हप्ता चुकवून चालणार नाही. तक्रारीची प्रत जोडून मुदत वाढवून मागा. फ्लॅटवर दोघांची नावं असतील तर तो एकटीने विकता येणार नाही, तेव्हा तो विचार आत्ता नकोच. जोडीची सहा लाखांची एफडी लिहिली आहे तुम्ही. 'दोघांपैकी कोणीही' अशी असली तरी मुदतीआधी मोडायला बँका सहसा दोन्ही सह्या मागतात. मुदत संपली की एकटीच्या सहीने मिळते. मार्चमध्ये ती आपोआप पुढे ढकलली जाऊ नये म्हणून आठवडाभर आधी बँकेत जा. त्यातले दीड लाख मुलीच्या अकरावी-बारावीसाठी बाजूला काढा, बाकीचे घरखर्चाला. सोनं कपाटातच राहू दे.

वार्षिक हप्त्याला तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते. तुमची तारीख 3 होती, म्हणजे वेळ आहे. तुमच्या खात्यातून भरा, आणि पावती मिसिंगच्या तक्रारीच्याच फाइलीत लावा.