वडिलांच्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत 'शोकाकुल'खाली कुणाकुणाची नावं घालावीत?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं पहिलं पुण्यस्मरण पुढच्या महिन्यात आहे, पेपरात जाहिरात द्यायची आहे, नावांचा क्रम कसा असतो? आणि खाली एका ओळीत, 'विधवा बहीण चार वर्षांपासून आमच्याकडेच राहते, तिचं नाव घालू नये असं काका म्हणतात, घातलं तर चालतं का?'

क्रम सांगून टाकतो. पत्नी, मुलगे-सुना, मुली-जावई, नातवंडं, मग भाऊ-पुतणे, शेवटी 'समस्त अमुक परिवार'. जागा उरली तर दुकानाचं नाव. झालं.

बहिणीचं नाव घाला. नको म्हणणारा काका प्रत्येक घरात एक असतोच. आमच्या घरात तात्या होते, आणि त्यांनी सांगितलेला मजकूर लिहून घेणारा मी होतो.

१९९८ साली मी बावीस वर्षांचा होतो आणि कराडला एका पेपरच्या एजन्सीत बसायचो. बसायचो म्हणजे छोट्या जाहिराती घ्यायचो. त्यातल्या निम्म्या मयताच्या असत. निधन, दहावा, पुण्यस्मरण. लोक वहीच्या फाडलेल्या पानावर नावं लिहून आणायचे आणि 'बाकीचं तुम्ही घाला' म्हणायचे. बाकीचं मला पाठ होतं. कुणाला 'कै.', माळकरी घर असलं की 'वै.', बौद्ध घरातून मजकूर आला की 'कालकथित' आणि दहाव्या-तेराव्याच्या जागी 'जलदान विधी'. यात चूक झाली की दुसऱ्या दिवशी माणसं काउंटरवर येऊन उभी राहत, आणि त्यांचं बरोबरच असे. दर चौरस सेंटिमीटरवर. त्यामुळे माझ्या तोंडी एक वाक्य कायमचं बसलं होतं, 'ओळ वाढते हं.' मुली आणि जावई हमखास त्या वाक्यावर गळायचे. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

फेब्रुवारीत आमचे आबा गेले. माझे आजोबा. मजकूर मीच लिहायचा हे ओघानंच आलं. सोप्यात तात्या खुर्चीवर, मी खाली पॅड घेऊन, आणि आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आक्का.

आक्का म्हणजे माझी आत्या, तात्यांची धाकटी बहीण. लग्नानंतर पाच वर्षांत नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं आणि दुसरी केली. ती चोविसाव्या वर्षी परत आली ती आलीच. आबांचं डावं अंग १९९२ मध्ये गेलं. तिथून पुढची सहा वर्षं आबांना कुशीवर वळवणं, पाठीला पावडर लावणं, भाकरी दुधात कुस्करून भरवणं, भांडं देणं हे सगळं तिनं केलं. पाठीला एक फोड येऊ दिला नाही. डॉक्टर तालुक्याहून यायचे ते तिलाच विचारायचे, 'काय आक्का, काय म्हणतोय पेशंट?'

तात्या सांगत गेले. मी लिहीत गेलो. 'आमचे तीर्थरूप यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.' हे 'अल्पशा आजाराने' कुणी सांगितलं नव्हतं. माझा हात सवयीनं चालला. सहा वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस, आणि मी लिहिलं अल्पसा आजार. उंबऱ्यावर बसलेल्या बाईनं ते ऐकलं असणार, कारण मी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

मग 'शोकाकुल'. तात्या, माझे वडील, काकी, आई, आम्ही पोरं. माझ्या थोरल्या आत्याचं नाव जावयांसकट. आक्काशी आल्यावर मी पेन थांबवलं. तात्या म्हणाले, "तिचं काय लिहिणार? आडनाव कुठलं लावणार? सासरचं लावलं तर लोक विचारणार जावई का नाही, माहेरचं लावलं तर सगळ्या तालुक्याला कळणार. समस्त परिवार लिही, त्यात ती आलीच की." आणि हे पुढचं मी म्हणालो, तात्या नव्हे, मी, "आणि ओळपण वाढते."

आतनं भांड्याचा आवाज आला, एवढंच.

फोटोचीही तीच गत. आबांचा एकट्याचा फोटो नव्हताच. चुलतभावाच्या लग्नातला एक मिळाला, आबा खुर्चीत फेटा बांधून, मागं आक्का उभी, तिचा हात त्यांच्या खांद्यावर. मी कात्रीनं आबांपुरता कापला. घाईत खांद्यावरची दोन बोटं राहिली. पाकिटात घालून संध्याकाळच्या एसटीनं पाठवला आणि दुसऱ्या दिवशी जाहिरात आली. बोटं स्पष्ट दिसत होती. एका बोटावर गोंदणाचा ठिपका होता, तो शाई सांडल्यासारखा आला होता. एजन्सीच्या मालकांनी मला झापलं की असा फोटो कुणी लावतं का.

दहावा प्रीतिसंगमावर झाला. कृष्णा-कोयनेच्या त्या घाटावर कावळ्यांना तोटा नाही, तरी लोक तासन्‌तास ताटकळतात हे मी पाहिलंय. पिंडाला कावळा शिवेना की एकेक जण पुढं होऊन कबूल करत जातो, धाकट्याचं लग्न करू, म्हातारीला बघू, वाटणी नीट करू. आमच्याकडे पिंड ठेवला आणि मिनिटाच्या आत शिवला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आबांचा जीव कशात अडकला नव्हता म्हणाले. मला आजही वाटतं, त्या दिवशी कावळ्यानं घाई केली. कुणाला काही कबूल करायची वेळच आली नाही.

आता खरं ऐका. वारस नोंद. मयतानंतर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, तसं तात्यांनी कळवलं. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून मुलगी मुलासारखीच पहिल्या वर्गातली वारस आहे. तलाठी काही 'समस्त परिवार' लिहून घेत नाही. आक्काचं नाव चढलं. आणि ते चढल्याबरोबर घरातल्या सगळ्यांना एकदम आक्काची आठवण झाली.

मे महिन्यात हक्कसोडपत्र ठरलं. दोन्ही आत्यांना नव्या साड्या. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जायला जीप, नाहीतर आक्का आयुष्यभर एसटीनं हिंडली. मी साक्षीदार. कारकुनानं मजकूर वाचून दाखवला, त्यात तिचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, मग 'ऊर्फ', मग सासरचं नाव नि आडनाव. वय, धंदा घरकाम, गाव, तालुका, जिल्हा. भरून दीड ओळ.

आक्कानं सही करायच्या आधी पेन हातात धरून मला विचारलं, "दोन्ही आडनावं बसली व्हय रे?"

मी म्हणालो, "हो."

"बरं," म्हणाली, आणि सही केली. तिची सही सावकाश व्हायची, एकेक अक्षर सुटं. तात्या बाहेर जाऊन उसाचा रस सांगून आले.

मी त्यानंतर सहा महिन्यांत एजन्सी सोडली. याच्यामुळे सोडली असं म्हटलं तर गोष्ट छान होईल, पण खरं कारण पगार.

आक्का २०१९ मध्ये गेली, तात्यांच्याच घरात. तिची जाहिरात मी स्वतःच्या पैशानं दिली. तिथंही घोळ. काकी म्हणाल्या 'सौ.' लिही, नवरा जिवंत आहे. वडील म्हणाले 'श्रीमती'. मी नुसतं नाव लिहिलं, पुढं काही नाही. 'पश्चात'खाली दोन भाऊ, बहीण, नऊ भाचरं, सगळी नावानिशी. आणि वर 'आबांची सहा वर्षे सेवा केली' ही ओळ. तात्यांनी पेपर वाचला, घडी घातली, माझ्याशी पितृपक्षापर्यंत बोलले नाहीत.

पितृपक्षात बोलले तेही भांडायलाच. गुरुजी म्हणाले, नवरा असताना गेली, म्हणजे तिथी अविधवा नवमी. बघा आता. ज्या माणसानं पस्तीस वर्षं तोंड दाखवलं नाही, त्याच्या जिवंत असण्यामुळे आमची आक्का पंचांगाप्रमाणे सवाष्ण. मी म्हटलं, आपण तिला सर्वपित्रीला जेवू घालू. तात्या म्हणाले, मुळात लग्न करून दिलेली मुलगी आपल्या पितरांत येतच नाही, तिचं नाव घ्यायचं कारण काय? त्यावर गुरुजी हसले. महालयाच्या विधीत ज्यांची नावं घ्यायची त्यांची यादी त्यांनी म्हणूनच दाखवली. आई-वडिलांकडच्या तीन-तीन पिढ्या तर आहेतच, पण चुलते, भाऊ, आत्या, मावश्या, बहिणी, त्यांचे नवरे, त्यांची मुलं, सासरे, गुरू, शिष्य, नुसते आप्तसुद्धा. पेपरातल्या जाहिरातीपेक्षा कितीतरी लांब यादी. तिथं ओळ वाढते म्हणून कुणाला गाळत नाहीत. तात्या म्हणाले, "हे सगळं कोण म्हणतंय हल्ली?" आम्ही म्हटलं. आमसुलाची चटणी, गवार, भरड्याचे वडे, खीर, आणि आक्काला आवडायची म्हणून पानाच्या कडेला लसणाची चटणी. श्राद्धाला लसूण चालत नाही हे मलाही माहीत आहे.

तर तुमच्या काकांना काय सांगायचं? अशुभ म्हणत असतील तर शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचं सांगा. ४ मे २०२२ ला त्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद, आणि त्याच महिन्यात शासनानं बाकीच्या गावांनीही हे करावं म्हणून परिपत्रक काढलं. 'गं. भा.' मात्र लिहू नका. २०२३ मध्ये 'विधवा'च्या जागी ते आणायचा प्रस्ताव मंत्रालयातून निघाला होता, टीका झाली नि मागे पडला, ते बरंच झालं. काका परंपरा म्हणत असतील तर वरची यादी सांगा. आणि खर्च म्हणत असतील तर हसा. आता अर्धं गाव पेपर घेत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर कार्ड फिरतं, त्यात शंभर नावं घाला.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. वारस नोंदीत बहिणीचं नाव लागलंय ना? आणि हक्कसोडीची बोलणी चालली आहेत का? कारण काकांना जाहिरातीतल्या नावाची भीती वाटते ती कधीकधी त्या नावाची नसते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासूनच मुलाइतका हक्क आहे, हे तिला कुणी सांगितलंय की नाही तेवढं बघा.

तात्यांवर फार झालं का? ते वाईट नव्हते, नाहीत. चौऱ्याऐंशीचे आहेत. आबांच्या औषधांचा सगळा खर्च त्यांनीच केला, आणि आक्काला शेवटपर्यंत घरातच ठेवली, तिला 'हो बाहेर' कधी म्हणाले नाहीत. हे मी त्या जाहिरातीत लिहिलं नाही, लिहायला हवं होतं. पण आबांचा तो फोटो त्यांनी मध्यंतरी मोठा करून सोप्यात लावला, तेव्हा स्टुडिओवाल्याकडून खांद्यावरची बोटं काढून घेतली. जवळ जाऊन पाहिलं तर तिथं सदऱ्याची तीच सुरकुती दोनदा दिसते. माझ्याकडे पेपरचं कात्रण आहे. तात्या हे वाचणार नाहीत, त्यांचा नातू वाचेल आणि सांगेल. सांगू दे.

हेही सांगायला हवं की हे सगळं आमच्याकडचं, कराड-पाटणकडचं. तुमच्याकडे क्रम वेगळा असेल तर तुमच्या गावच्या एजन्सीवाल्याला विचारा. आणि बहिणीला स्वतःलाच नाव नको असेल तर घालू नका, पण ते काकांनी सांगायचं नाही, तिनं सांगायचं.

मजकूर तयार झाला की प्रूफ तिलाच वाचायला द्या. तुमच्या वडिलांचं शेवटचं आजारपण तिनं काढलंय असं तुमच्या प्रश्नावरून वाटतं. त्यात कुठं 'अल्पशा आजाराने' आलं असेल, तर ते राहू द्यायचं की नाही ते ती सांगेल.