आधीचे तीन सेकंद

प्रिय मित्रा,

त्या हॉकीच्या पोराच्या निवडीसाठी लिहिलेला तुझा अहवाल वाचला, सामन्याचा व्हिडिओ दोनदा पाहिला. तुझा घोळ कळतो. आकडे म्हणतात या पोराला वगळ, डोळे म्हणतात थांब. म्हणून तू मधला रस्ता काढलास आणि लिहिलंस, 'गुणवत्ता आहे, पण दडपणाखाली निर्णय चुकतात.' अरे, हे वाक्य 16 वर्षांच्या कुठल्याही डिफेंडरबद्दल लिहिता येतं. मग ते या पोराबद्दल कसं झालं?

दुसरा गोल घे. त्याच्या संघाचा लेफ्ट हाफ, म्हणजे डावीकडचा मधल्या फळीतला खेळाडू, पुढे जाऊन चेंडू गमावतो, दोन फॉरवर्ड मोकळे सुटतात आणि मागे हा एकटा. हा टॅकलला जात नाही. डावा पाय पुढे, गुडघे वाकलेले, स्टिक जमिनीलगत पासच्या वाटेत. मागे मागे सरकत तो चेंडूवाल्याला त्याच्या रिव्हर्सच्या, म्हणजे उलट्या स्टिकने खेळायच्या बाजूला, बाहेर बाहेर नेतो. शेवटी फटका बसतो तो जवळजवळ बॅकलाइनवरून, म्हणजे गोलच्या बाजूच्या शेवटच्या रेषेवरून, आणि चेंडू गोलकीपरच्या पॅडखालून आत जातो. तुझी नोंद काय? 'टॅकल करायला घाबरला.' घाबरला? दोघांसमोर एकटा असताना त्याने पास बंद केला, मिडफिल्डला परतायला वेळ मिळवून दिला आणि कीपरपुढे सगळ्यात अरुंद कोन ठेवला. आणखी काय करायचं होतं त्याने? पॅडखालून गेलेला चेंडू कीपरच्या खात्यात टाक.

आता ज्याला तू 'उत्कृष्ट' म्हणालास तो टॅकल. 23 मीटर रेषेजवळ झेप घेऊन काढलेला चेंडू, टाळ्याही पडल्या. जरा मागे जा. पास निघायच्या आधी हा चेंडूकडे टक लावून उभा आहे, दोन्ही पाय एका रेषेत, आणि ज्याला सांभाळायचं तो फॉरवर्ड पाठीमागून कुठे सरकला याचा पत्ता नाही. उशीर झाला म्हणून झेप घ्यावी लागली. स्टिक बोटभर चुकली असती तर समोर सगळा डी, म्हणजे गोलपुढचं अर्धवर्तुळ, मोकळा होता. स्टिक त्याच्या पायाला लागली असती आणि अंपायरने ते फाऊल जाणूनबुजून केलेलं धरलं असतं तर डीबाहेर असूनही पेनल्टी कॉर्नर, वर कार्ड. तिथे त्याचं नशीब चांगलं होतं, निर्णय नव्हे.

टॅकल बघू नकोस. टॅकलच्या आधीचे तीन सेकंद बघ. बचावाचा निर्णय तिथे होऊन जातो, नंतर दिसतो तो फक्त निकाल.

हा माझा हट्ट नाही, खेळच तसा झाला आहे. ऑफसाइडचा नियम 1990च्या दशकात गेला, तेव्हापासून फॉरवर्ड खुशाल तुमच्या पाठीमागे उभा राहू शकतो. 2009 पासून फाऊलनंतरची फ्री हिट घेणारा स्वतःच चेंडू घेऊन निघू शकतो, म्हणजे शिट्टी वाजल्यावर श्वास घ्यायला मिळायचा तोही गेला. गोल मात्र आजही डीच्या आतूनच होतो. डीच्या त्या 14.63 मीटरच्या रेषेबाहेर जो डिफेंडर हल्ला रेंगाळत ठेवतो, त्याने चेंडूला स्पर्श केला नसला तरी काम केलेलं असतं. तुझ्या तक्त्यात याला रकाना आहे का?

2024च्या पॅरिस ऑलिंपिकमधला ग्रेट ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना पुन्हा बघ. 17व्या मिनिटाला डिफेंडर अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि भारत उरलेला सगळा वेळ दहा जणांनी खेळला. 1-1 बरोबरी, मग शूटआउटमध्ये 4-2. गोलकीपर श्रीजेशची कौतुकं सगळ्यांनी केली, रास्तच होती. पण तू सामन्याचा उत्तरार्ध चेंडू सोडून बघ. एक माणूस कमी असताना डिफेंडरने झेप घेऊन चुकणं परवडतच नाही. प्रत्येक जण आधीच जागेवर असावा लागतो, तेच आधीचे तीन सेकंद.

एका निवड समितीत मी असाच एक शांत डिफेंडर लावून धरला होता. टॅकल मोजकेच करायचा, कारण गरजच पडू द्यायचा नाही. बाकीच्यांना गुडघे सोललेला पोरगा हवा होता. मी आवाज चढवला, पोरगा संघाबाहेर राहिलाच, आणि पुढे मला बोलावणं येईनासं झालं. तू म्हणशील, थोडं नमतं घेतलं असतं तर आणखी चार पोरांसाठी भांडता आलं असतं. असेल. मला ते जमत नाही, आजही जमणार नाही. माझी सल वेगळीच आहे. पुढच्या मोसमात तो पोरगा झेपा घेऊ लागला. निवडणारे काय बघतात हे त्याला कळलं होतं. त्याचा खेळ आपण बिघडवला, आणि आपण म्हणजे अहवाल लिहिणारे.

म्हणून तुझ्यावर चिडतोय. प्रगती मोजायची तर एका सामन्यावर मोजू नकोस. तीच परिस्थिती, दोघांसमोर एकटा, चार-पाच सामन्यांतून काढून शेजारी ठेव. चेंडू लांब असताना तो मान किती वेळा वळवतो ते बघ. हाफला ओरडून जागा सांगतो का ते ऐक. या वयात पोरं वीतभर उंच होतात आणि पाय काही महिने ऐकत नाहीत, तेव्हा वळताना अडखळला तर ते वेगळं लिही, निर्णयात मिसळू नकोस. आणि चेंडूमागे फिरणारा कॅमेरा बंद कर बाबा. त्यात डिफेंडर येतो तोच मुळी उशिरा. गोलमागून, जमेल तितक्या उंचावरून घे.

अहवाल द्यायच्या आधी एकदा त्याला समोर बसव. वडील नकोत, मुख्य कोच नको. दुसऱ्या गोलच्या आधी व्हिडिओ थांबव आणि एवढंच विचार, 'इथे तुला काय काय दिसत होतं?' मग गप्प बस, उत्तर त्याच्या तोंडात घालू नकोस. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून मला पाठव. तुझं मत नंतर कळव.