हेतू शुद्ध नसेल, तर देवाची आज्ञा पाळण्याला काही अर्थ उरतो का?

पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हेतूला गौण मानत नाही. यहूदाचा राजा अमस्या याने परमेश्वराच्या दृष्टीने योग्य ते केले, पण पूर्ण मनाने केले नाही, अशी नोंद त्यातल्या 2 इतिहास या पुस्तकात (25:2) आहे. आणि त्याच अध्यायात पुढे तो पराभूत केलेल्या शत्रूची दैवते घरी आणून त्यांच्यापुढे नमन करताना दिसतो, म्हणजे मनातली ती फट शेवटी आचरणात उतरलीच. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशू दानधर्म, प्रार्थना व उपास यांना नावे ठेवत नाही. लोकांनी पाहावे म्हणून ते करणाऱ्याला त्याचे प्रतिफळ मिळून चुकले आहे, एवढेच तो बजावतो.

मात्र मन निर्मळ होईपर्यंत आज्ञापालन लांबणीवर टाकणे ही, माझ्या मते, निव्वळ पळवाट आहे (आणि ती भाविकपणाच्या वेषात येते, म्हणून चटकन ओळखू येत नाही). मत्तय 21 मधील दृष्टांतात बापाने कामाला जायला सांगितल्यावर ‘मी जात नाही’ म्हणणारा मुलगा नंतर पस्तावून द्राक्षमळ्यात गेला, आणि बापाची इच्छा त्यानेच पूर्ण केली असे ठरले. शुद्ध हृदय ही कृपेने मिळणारी गोष्ट असल्यामुळेच स्तोत्र 51 मध्ये दावीद ते देवाकडे मागतो.