विचारा तर खरं : पुस्तकावर लिहायचं कसं?

वाचनालयाच्या फलकासाठी, सोसायटीच्या वार्षिकासाठी किंवा रविवार पुरवणीसाठी पुस्तकांवर लिहिणाऱ्यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं सगळी सातारा-सांगली पट्ट्यातली. एकसारखे प्रश्न एकत्र केले, नावं गाळली.

माझ्या प्रत्येक परिचयात ‘ओघवती शैली’, ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ हेच शब्द येतात. दुसरे सुचवाल का? (मिरज)

दुसऱ्या शब्दांनी काम भागणार नाही. ‘ओघवती’ काढून ‘प्रवाही’ घातलं तर नुसती पाटी बदलली, दुकान तेच राहिलं. हे शब्द येतात कारण वाचताना टिपण झालेलं नसतं. लिहायला बसल्यावर पुस्तकाची चव आठवते, तपशील आठवत नाही.

वाचनालयाच्या पुस्तकावर रेघा मारू नका. कागदाची उभी पट्टी कापून खूण म्हणून पुस्तकात ठेवा आणि तिच्यावरच पान क्रमांक आणि दोन-तीन शब्द लिहीत चला : ‘६४ संवाद खरा’, ‘११२ कंटाळा’, ‘१४० हे आधी येऊन गेलं’. दोनशे पानांना पंधरा-वीस नोंदी पुष्कळ झाल्या. जिथे हसू आलं, जिथे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं आणि जिथे पुस्तक मिटून उठलात, ती पानं टिपा. शेवटची नोंद सर्वांत कामाची, आणि नेमकी तीच लोक टाळतात.

मग ‘ओघवती शैली’च्या जागी असं वाक्य येतं : ‘पहिली ऐंशी पानं एका बैठकीत होतात, पुढे कोर्टाच्या प्रकरणात गाडी अडते, कारण तीच साक्ष तीन जणांच्या तोंडून येते.’ यातून वाचकाला काहीतरी कळतं. ‘संग्राह्य’ लिहायचं तर कशासाठी तेही लिहा. पुन्हा पुन्हा उघडावं असं त्यात काय आहे, सूची, नकाशा, कोष्टक? तसं काही नसेल तर ‘वाचनालयातून आणून जरूर वाचा’ असं लिहिण्यात पुस्तकाचा अपमान होत नाही.

रहस्यकथेचं किती सांगावं? (कऱ्हाड)

पहिल्या चतुर्थांशापुढचं काहीही नको. दोनशे पानांचं पुस्तक असेल तर पन्नासाव्या पानाशी थांबा. ‘शेवटी जबरदस्त धक्का बसतो’ हेसुद्धा लिहू नका. एवढं वाचलं की सराईत वाचक पहिल्या पानापासून सर्वांत साध्यासुध्या पात्रावर डोळा ठेवतो.

तुमचं खरं काम पुस्तक संपल्यावर सुरू होतं. गुन्हेगार कळला की मागे जाऊन दुवे तपासा. ती किल्ली, ती औषधाची बाटली, गाडीची ती वेळ आधी कुठल्या तरी पानावर आली होती का? शेवटच्या प्रकरणात तपास करणारा खिशातून आजवर कुणी न पाहिलेलं पत्र काढत असेल, तर ती वाचकाची फसवणूक आहे. ‘दुवे वाचकापासून लपवून ठेवले आहेत’ एवढं लिहा. कुठले ते लिहू नका.

हा नियम सगळ्या कथा-कादंबऱ्यांना लावायचा नसतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो आणि पुढे दुष्काळानं वस्ती उठते. हे आधी कळलं म्हणून वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही. तिथे ओढ माणसांची आणि माळाची आहे.

ऐतिहासिक कादंबरीत चुका काढाव्यात का? लेखक म्हणतात, ही कादंबरी आहे, इतिहास नाही. (सातारा)

काढाव्यात, पण कुठल्या ते ठरवून. मजकुराचे तीन थर पाडा. पहिला, ठरलेल्या गोष्टी : अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाच्या पायथ्याशी झाला, पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ला. इथे लेखकाला सूट नाही. दुसरा, खासगी संभाषणं आणि मनातले विचार. ही लेखकाची हक्काची जागा आहे, तिथे पुरावा मागू नका.

तिसरा थर राहणीचा, आणि चुका सापडतात त्या बहुतेक इथेच. सतराव्या शतकातल्या छावणीत कुणी चहा घेत असेल, किंवा हेर ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणत असेल, तर पान क्रमांक टिपा. तेव्हा वेळ घटका आणि प्रहरांत मोजत : घटका म्हणजे २४ मिनिटं, प्रहर तीन तासांचा. अंतरंही बघा. वाईहून प्रतापगड आजच्या रस्त्यानं पन्नासेक किलोमीटर आहे, तोही घाटाचा. लेखकानं हत्ती, तोफा, बाजारबुणग्यांसकट सगळी फौज एका रात्रीत तिकडे नेली असेल, तर त्यानं तो घाट नकाशातही नीट पाहिलेला नाही.

शेवटी आधारग्रंथांची यादी असेल तर ती वाचा. सभासदाची बखर शिवछत्रपतींच्या निधनानंतर दोन दशकांच्या आत लिहिली गेली. चिटणीसांची बखर शंभरहून अधिक वर्षांनी. दोन्हींना सारखंच वजन देऊन प्रसंग रचला असेल तर ते नोंदवण्याजोगं आहे. अडलं तर मराठी विश्वकोशाचे खंड चाळा, त्याचं काम तुमच्याच जिल्ह्यात, वाईत उभं राहिलं. आणि प्रत्येक वाक्यात ‘जी’ आणि ‘आज्ञा’ पेरल्यानं भाषा जुनी होत नाही, हेही एकदा कुणीतरी लिहायला हवं.

पाककृतींच्या पुस्तकाचं परीक्षण पदार्थ न करता, म्हणजे न रांधता लिहिता येतं का? (सांगली)

येत नाही. पुस्तकात दीडशे पदार्थ असले तरी तीन करून बघितले की पुरतं, फक्त निवड जाणून करा : एक तुमच्या हातचा, एक कधीच न केलेला आणि एक हमखास बिघडणारा. पहिल्या खेपेला जसं लिहिलंय तसंच करायचं. सवयीनं मीठ-पाणी सुधारून घेतलंत तर परीक्षा तुमच्या हाताची झाली, पुस्तकाची नाही.

बिघडणारा पदार्थ म्हणून पुरण घ्या. पुस्तक म्हणतं : ‘एक वाटी हरभरा डाळ, एक वाटी गूळ, कुकरला तीन शिट्ट्या.’ आता विचारत सुटा. डाळ भिजवलेली की कोरडी? आच मोठी की मंद? शिट्टी हे वेळेचं माप नव्हे. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ आत कणीदार राहते. मग ती वाटताना मऊसूत होत नाही आणि लाटताना पोळी कणीवर फाटते. कट निथळून घ्यायला सांगितलाय का? नसेल तर गुळाला सुटलेलं पाणी त्यात मिळून पुरण सैल होतं आणि लाटताना पोळीच्या कडेनं बाहेर येतं. ‘उलथनं पुरणात उभं राहिलं की गॅस बंद करा’ अशी खूण दिली असेल, तर लिहिणाऱ्यानं पदार्थ स्वतः केलेला आहे असं समजा. अशा खुणा पुस्तकभर किती आहेत, हे परीक्षणात अवश्य यावं.

दुसरा घोळ वाटीचा. डाळ आणि गूळ दोन्ही वाटीनंच मोजले तर वाटी केवढीही असो, प्रमाण जमतं. पण ‘दोन वाट्या रवा, एक चमचा सोडा’ असं आलं की वाटी १०० मिलीची की २०० मिलीची यावर ढोकळ्याचं नशीब ठरतं. चमचा तोच राहतो, रवा दुप्पट होतो. आपली वाटी किती मिलीची, हे चांगलं पुस्तक पहिल्या दोन पानांत सांगून मोकळं होतं.

याशिवाय पुस्तक ओट्यावर उघडं राहतं की मिटतं, पदार्थ किती माणसांना पुरतो ते दिलंय का आणि फोटो त्याच पदार्थाचा आहे का, हेही पाहा. फोटोत वर भुरभुरलेली कोथिंबीर आणि साहित्यात कोथिंबिरीचं नावच नाही, असं बरेचदा दिसतं. निकाल साधा लिहा : ‘तीनपैकी दोन पदार्थ लिहिल्याप्रमाणे जमले, तिसऱ्यात पाणी पाव वाटी जास्त आहे.’

द्राक्षबागेवरच्या पुस्तकाबद्दल लिहायचं आहे. लेखक तज्ज्ञ, मी शिक्षक. (तासगाव)

शास्त्र तपासायला जाऊ नका, मापं तपासा. औषध-खतांची मात्रा एकरी आहे की हेक्टरी, हे प्रत्येक कोष्टकावर छापलंय का? हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. हेक्टरी मात्रा एकरी समजून टाकली तर अडीचपट जाईल. ‘प्रति लिटर पाण्यास’ असेल तर एकराला किती लिटर पाणी धरलंय तेही हवं.

मग आवृत्तीचं वर्ष. खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास, फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास, ही आपल्याकडची घडी सहसा बदलत नाही. छाटणीवरचं प्रकरण दहा वर्षांनीही चालतं. फवारणीचं प्रकरण मात्र लवकर शिळं होतं, कारण निर्यातीच्या द्राक्षांसाठीची औषधांची यादी वेळोवेळी बदलते. तेव्हा एकाच पुस्तकाबद्दल ‘हे प्रकरण वापरा, ते नको’ असं लिहायला हरकत नाही. छापण्याआधी मजकूर एखाद्या बागायतदाराला दाखवा. जिथे तो ‘काडी’ म्हणेल तिथे पुस्तक सारखं ‘फांदी’ म्हणत असेल, तर लेखकाचा बागेशी संबंध कितपत, ते न सांगता कळतं.

गझलसंग्रह ‘गझल’ आहे की नाही, हे साध्या वाचकानं कसं ओळखावं? (विटा)

प्रत्येक शेराच्या शेवटी जसाच्या तसा येणारा शब्द म्हणजे रदीफ, त्याच्या आधी जुळणारं यमक म्हणजे काफिया. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, हे दोन्ही ओळींना लागतात. पुढे फक्त दुसऱ्या ओळीला. मतल्यात ‘वाट आहे’, ‘लाट आहे’ ठरलं तर पुढे ‘दाट आहे’ चालेल. ‘काठ आहे’ कानाला फसवतं, पण ट आणि ठ वेगळे, काफिया चुकला. वृत्तासाठी कुठल्याही चार ओळींच्या मात्रा मोजा. वृत्त देवप्रिया असेल तर प्रत्येक ओळ २६ मात्रांची भरायला हवी.

हे सगळं बिनचूक असूनही गझल निर्जीव असू शकते. म्हणून दहा रचना मोठ्यानं वाचा आणि दुसऱ्या दिवशी न बघता किती शेर आठवतात ते पाहा. आठवले तेच उद्धृत करा.

मूळ भाषा येत नाही. अनुवाद चांगला की वाईट, कसं सांगू? (वाई)

मूळाशी इमान राखलंय का, हे तुम्ही सांगू शकत नाही, सांगूही नका. मराठी कसं आहे, एवढं सांगता येतं. ‘तिने तिचे हात तिच्या पदराला पुसले’ या वाक्यातले ‘तिचे’ आणि ‘तिच्या’ मराठीत कुणी बोलत नाही. ‘तिनं पदराला हात पुसले’ झालं की संपलं. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या प्रकरणातलं एकेक पान घ्या आणि अशी वाक्यं मोजा. पहिल्या प्रकरणात दोन आणि शेवटच्यात अकरा असतील तर काम घाईत उरकलंय. अनुवाद थेट मूळ भाषेतून की इंग्रजीवरून, हे श्रेयनामावलीच्या पानावर असतं. ते आणि अनुवादकाचं नाव दोन्ही परिचयात द्या. अनुवादकाचं नाव गाळायची खोड आपल्याकडे फार जुनी.

लेखक गावातलेच, रोज भेटणारे. पुस्तक सुमार आहे. काय करू? (फलटण)

लिहू नका. नोंदींची पट्टी त्यांना घरी नेऊन द्या. लिहावंच लागलं तर परीक्षणाऐवजी परिचय लिहा, म्हणजे पुस्तकात काय काय आहे तेवढंच, आणि खाली ‘लेखक माझ्या परिचयाचे आहेत, प्रत त्यांच्याकडून भेट मिळाली’ अशी ओळ टाका.

परिचयात किती उतारे घेता येतात? (जत)

१९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ समीक्षा-परीक्षणासाठी वाजवी उतारे घ्यायची मुभा देतं. शब्दांची ठरलेली मर्यादा त्यात नाही. सहाशे शब्दांच्या परिचयात ऐंशी-शंभर शब्द ठीक. अख्खी कविता छापायची असेल तर मात्र परवानगी घ्या.

मी फक्त कादंबऱ्या वाचते. बालसाहित्य, प्रवासवर्णन यांवर लिहायचा मला अधिकार आहे का? (कोरेगाव)

एकावर लिहिण्याआधी त्याच प्रकारातली तीन वाचा. पाचगणीजवळच्या भिलारला जाणं तुम्हाला सोपं आहे. पुस्तकांचं गाव म्हणून ४ मे २०१७ला ते सुरू झालं आणि तिथे घराघरांत प्रकारवार पुस्तकं मांडलेली आहेत. एका दुपारी बालसाहित्याच्या घरात बसून दहा-बारा चाळून झाली की पातळीचा अंदाज येतो. लहान मुलांचं पुस्तक मात्र एकट्यानं वाचून लिहू नका. सहा-सात वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून वाचा आणि ते कुठल्या पानावर तुमच्या आधी पान उलटायला हात घालतं, कुठे जोडाक्षरापाशी अडखळतं, कुठे उठून पाणी प्यायला जातं, ते पट्टीवर टिपा.