शेजारी ॲपलमध्ये, विमा मात्र आपला आपण

तुम्ही, मिसेस आणि सहा वर्षांची मुलगी ऑगस्टमध्ये कोथरूडहून कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोला येताय. मिसेसची कंपनी आठ जणांची, ती विमा देत नाही, 'तुमचा तुम्ही घ्या' म्हणते. मिसेसना थायरॉइड आहे, म्हणून कोणी विमा नाकारेल का, ही धास्ती. आणि इथले मित्र म्हणतायत की स्टॅनफर्डचं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे, काळजी कसली.

आधी थायरॉइडचं उत्तर देतो. कोणी नाकारणार नाही, प्रीमियमही त्यामुळे वाढणार नाही. २०१४ पासून इथे जुन्या आजारासाठी विमा नाकारता येत नाही आणि आपल्या मेडिक्लेमसारखा दोन-तीन वर्षांचा वेटिंग पिरियडही नाही. बाळंतपणालासुद्धा नाही. प्रीमियम ठरतो तो वय, राहण्याचा भाग आणि प्लॅन यांवर. २१ वर्षांच्या माणसाला १०० डॉलर पडत असतील तर त्याच प्लॅनला चाळिशीच्या माणसाला साधारण १२८ आणि ६४ वर्षांच्याला ३०० पडतात. चौदापर्यंतच्या मुलांना ७६ च्या आसपास.

कंपनीशी भांडू नका. पन्नासपेक्षा कमी माणसं असली तर विमा देण्याची कायद्यानं सक्ती नाही. पगाराची बोलणी चालू असतील तर मात्र तिघांचा वर्षाचा प्रीमियम हिशोबात धरूनच आकडा सांगा. कव्हर्ड कॅलिफोर्नियाच्या साइटवर वय आणि झिप कोड टाकला की अंदाज मिळतो. हे राज्य सरकारचं विम्याचं दुकान आहे असं समजा.

आता मुख्य गोष्ट. क्युपर्टिनोत तुमच्या डावी-उजवीकडे राहणाऱ्या बहुतेकांचा विमा त्यांच्या कंपनीनं दिलेला असतो. ते तुम्हाला अगदी मनापासून सल्ला देतील, 'अमुक डॉक्टर घे, तमुक हॉस्पिटल बेस्ट.' तो सल्ला त्यांच्या कार्डाचा आहे, तुमच्या नाही. विमा कंपनीचं नाव दोन्ही कार्डांवर एकच असलं तरी त्यांच्या मोठ्या कंपनीच्या पीपीओचं (बाहेरच्या डॉक्टरांचेही थोडेफार पैसे देणाऱ्या प्लॅनचं) नेटवर्क, म्हणजे ठरलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांची यादी, वेगळं आणि तुम्ही स्वतः विकत घेतलेल्या प्लॅनचं वेगळं. पुण्यात हॉस्पिटल कॅशलेसच्या यादीत नसलं तर आपण आधी भरतो आणि नंतर रिइम्बर्समेंटला फाइल लावतो, काही ना काही हातात येतं. इथे एचएमओ किंवा ईपीओ, म्हणजे आपल्या नेटवर्कपुरत्याच चालणाऱ्या प्लॅनमध्ये, नेटवर्कबाहेर गेलात तर इमर्जन्सी सोडून एक दमडीही मिळत नाही. म्हणजे स्टॅनफर्ड तुमच्या नेटवर्कमध्ये नसलं तर वीसेक मिनिटांवर असूनही तुमच्यासाठी ते नागपुरात असल्यासारखंच.

हे मी अनुभवानं सांगतोय. २०१७ मध्ये आलो तेव्हा माझंही काम कंत्राटी, विमा स्वतःचा. शेजारच्या काकूंनी सुचवलेल्या बालरोगतज्ज्ञ बाई विमा कंपनीच्या यादीत दिसत होत्या. मुलाला घेऊन गेलो, छान बोलल्या, दीड महिन्यानं बिल आलं. बाई कंपनीच्या नेटवर्कमध्ये होत्या, माझ्या प्लॅनच्या नव्हत्या. यादी जुनी निघाली. चार महिने फोनवर काढले तेव्हा निम्मं माफ झालं. तेव्हापासून मी दवाखान्यात फोन करून एकच प्रश्न विचारतो: 'या प्लॅनचं पूर्ण नाव असं आहे, तो तुम्ही घेता का?' कंपनीचं नाव घेऊन विचारलं की हो म्हणतात, प्लॅनचं पूर्ण नाव सांगितलं की खरं उत्तर येतं. फोनवर कोण बोललं आणि तारीख काय, हे वहीत लिहून ठेवा.

हा फोनाफोनीचा ताप नको असेल तर कायझर या विमा कंपनीचा प्लॅन बघा. हॉस्पिटल त्यांचं, डॉक्टर त्यांचे, औषधाचं दुकानही त्यांचंच. सांता क्लारात त्यांचं मोठं हॉस्पिटल आहे. बाहेरचा डॉक्टर निवडायची मोकळीक जवळपास नाही, आणि ज्यांना ती लागते ते वैतागतात. पण नवीन देशात, लहान मूल आणि एक कायमची गोळी असलेल्या घराला पहिलं वर्ष हे सोपं जातं, असं माझं मत. काउंटीचा (म्हणजे इथल्या जिल्ह्याचा) स्वतःचा व्हॅली हेल्थ प्लॅनही आहे. श्रीमंत वस्तीत त्याचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, तिकडे लक्ष देऊ नका. नेटवर्क आणि प्रीमियम बघून ठरवा. आणखी एक इथली गंमत: या भागात काही डॉक्टर वर्षाची जाडजूड फी घेऊन मोजकेच पेशंट बघतात. ती फी विमा देत नाही. कोणी अशा डॉक्टरचं नाव सुचवलं तर हसून विषय बदला.

मेडिक्लेमच्या सवयीनं तुम्ही 'कव्हर किती लाखांचं?' असं विचारलंय. इथे हिशोब उलटा. पुण्यात कंपनीच्या खर्चाला मर्यादा असते, त्यापुढचं आपलं. इथे तुमच्या खर्चाला मर्यादा, त्यापुढचं कंपनीचं, कितीही होवो. २०२६ साठी ही मर्यादा एका माणसाला जास्तीत जास्त १०,६०० आणि कुटुंबाला २१,२०० डॉलर आहे, अर्थात नेटवर्कमधल्या उपचारांसाठीच. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम ही नावं उपचाराच्या दर्जाची नाहीत. सरासरी खर्चातला कंपनीचा वाटा अनुक्रमे ६०, ७०, ८०, ९० टक्के, एवढाच अर्थ. ब्रॉन्झवाल्याला डॉक्टर काही हलका मिळत नाही.

सवलतीचं. तीन माणसांच्या घराचं २०२६ चं उत्पन्न १,०६,६०० डॉलरच्या वर गेलं की केंद्राची प्रीमियम सवलत शून्य. २०२१ ते २०२५ ही कात्री नव्हती, म्हणून जुनी माहिती वाचून फसू नका. तुम्ही दोघं पूर्ण वर्षाचं एकत्र रिटर्न भरलंत तर जानेवारी ते जुलैचा पुण्यातला पगारही त्यात मोजला जाईल, तेव्हा इथल्या सीपीएला, म्हणजे करसल्लागाराला, विचारून घ्या. २०२७ पासून तर एच-वन-बीवाल्यांना, म्हणजे कामाच्या व्हिसावर आलेल्यांना, ही सवलतच राहणार नाही.

सवलत मिळणार नसेल तर एक युक्ती. २०१८ पासून कव्हर्ड कॅलिफोर्नियातल्या सिल्व्हर प्रीमियमवर जादा बोजा टाकलेला असतो, तो सवलतवाल्यांना जाणवत नाही आणि आपल्यासारख्यांना पूर्ण लागतो. जवळजवळ तसाच सिल्व्हर प्लॅन थेट विमा कंपनीकडून घेतला तर त्यावर तो बोजा नसतो. नाहीतर गोल्डचा भाव बघा, कधी कधी फरक अगदीच थोडा निघतो. अधिकृत एजंट हे सगळं फुकट करून देतो, त्याच्यामुळे प्रीमियम वाढत नाही. मी दोनदा एजंटकडूनच घेतला.

तारखा नीट पाळा. परदेशातून राहायला आल्यावर ६० दिवसांत प्लॅन घेता येतो, निवडल्यानंतरच्या एक तारखेपासून तो चालू होतो. ऑगस्टमध्ये निवडलात तर १ सप्टेंबर. साठ दिवस चुकवलेत तर १ नोव्हेंबरपर्यंत थांबायचं आणि कव्हर जानेवारीपासून, शिवाय तीन महिन्यांहून जास्त विनाविमा राहिलात तर राज्याचा दंड. आणि डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनीनं द्यायला लागण्याआधी वर्षात तुम्ही स्वतः भरायची रक्कम, दर १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होतं. म्हणजे सप्टेंबरात घेतलेला प्लॅन चार महिन्यांचाच समजा. मुद्दाम करायची तपासणी, एमआरआय वगैरे, डिसेंबरात करून जानेवारीत पुढचे उपचार असं करू नका, दोनदा भरावं लागेल.

ऑगस्टमधल्या दिवसांसाठी निघतानाच प्रवासी विमा घ्या, पण 'प्रत्येक भेटीला इतकेच डॉलर' असा ठरावीक रक्कम देणारा स्वस्त प्रकार नको. मोठ्यांचे दात मुख्य विम्यात येत नाहीत, मुलांचे येतात. तेव्हा तुम्हा दोघांची रूट कॅनाल पुण्यातच उरका. पुण्याचा मेडिक्लेम बंद करू नका, परत आलात तर नव्यानं वेटिंग मोजत बसाल.

वर्षाची तपासणी फुकट असते, पण तिथे 'गुडघाही दुखतो हो' म्हणालात तर वेगळी व्हिजिट लागते. मला १४० डॉलरला पडलं ते वाक्य.

भाडेकरार आणि विमानाचा बोर्डिंग पास जपून ठेवा, नवीन राहायला आल्याचा पुरावा मागू शकतात. आणि मिसेसच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणा, प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँडचं इथे कोणी ओळखणार नाही.