आईला कॅन्सर झालाय हे तिला सांगावं का?

गालाचा कॅन्सर निघालाय, आई अजून मशेरी लावते, घरचे "तिला सांगू नको" म्हणतात आणि कसं सांगू कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सांगा. आजच सांगा.

माझ्यापासून लपवलं होतं. 2018 साली डाव्या गालात आतून पांढरा चट्टा होता, त्याची जखम झाली, ती भरेना. कणकवलीत तुकडा काढून तपासला. रिपोर्ट दादाने घेतला. "काय्यक नाय, मुंबैत खात्री करून घेवया." तुतारी एक्सप्रेसने दादर, तिथून परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटल. टाटाला नेतात म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणालाही कळतं, पण मला दादाचं खरं मानायचं होतं. राहायला गाडगे महाराज धर्मशाळा. पिशवीत मशेरीचा डबा, निघायच्या आदल्या दिवशी तव्यावर तंबाखू भाजून भरलेला. रोज पहाटे त्याच गालाला मशेरी लावत होते. बारा दिवस! दादा बघत होता, पण थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

शेवटी शेजारच्या बाईने विचारलं, "तुमचं गालाचं की जिभेचं?" तिच्या नाकात नळी होती. त्या रात्री दादाशी बोलले नाही. सकाळी डबा कचऱ्यात टाकला.

दादा अजून चतुर्थीला सगळ्यांसमोर म्हणतो, "सांगला असता तर थयच खचलं असतंस." खचलेच की. दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना मीच प्रश्न विचारत होते. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन तीस वेळा, आठवड्याला पाच. लाळ सुकली, पेजेतलं मीठसुद्धा झोंबायचं. जबडा उघडेना. त्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या असतात. सहापासून सुरुवात केली, एकेक वाढवत अठरावर आणल्या. डोळ्यांतून पाणी यायचं. साध्या चट्ट्यासाठी एवढं कोण सोसेल, दादा?

सांगताना नातेवाईक जमवू नका. तुम्ही आणि ती, दोघंच. "मी वाचेन ना?" असं विचारलं तर खोटं बोलू नका, डॉक्टरांसमोर बसवा.

माझा लवकर सापडला होता, हेही खरं. तुमच्या आईची स्टेज तुम्ही लिहिलेली नाही. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. मशेरी मात्र आजपासून बंद. सासूने म्हातारपणापर्यंत लावली, तिला काय झालं, असं ती म्हणेल. मीही हेच म्हणायचे.