डबा परत येतो, मॅडम!

शाळा सुरू होऊन महिना झाला की माझ्याकडे एकाच तक्रारीची रीघ लागते: "मॅडम, डबा परत येतो." तिसरीतल्या एका मुलाची आई अशीच आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पोळी-भाजी जशीच्या तशी घरी, संध्याकाळी मात्र बिस्किटांचा पुडा फस्त. रात्री आजी मोबाइल समोर धरून भरवणार. आठ वर्षांच्या मुलाला!

मी जेवणाचा विषयच काढला नाही. कागद आणि खडू देऊन मधल्या सुट्टीचं चित्र काढायला सांगितलं. मुलं गोल करून बसलेली, मध्ये डबे, त्यातला एक हिरवागार.

"हे काय रे?"

"मेथी. मित्राच्या डब्यातली. मी खातो ती."

आई उसळल्या, "घरी तर मेथी बघून तोंड फिरवतोस!"

"घरी तू बघत बसतेस."

त्या गप्प झाल्या. मीही मुद्दाम बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला आता बऱ्यापैकी जमतं.

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी केलेली कामाची वाटणी मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं; खायचं का आणि किती, हे मुलानं. आपण नेमकं मुलाच्या वाट्याचं काम करायला जातो. शिवाय या वयात वजन वर्षाला साधारण दोन-तीन किलोच वाढतं, तान्हेपणीची भूक आता कशी असेल? "भाजी संपव, मग चॉकलेट" हे तर बंदच करा. त्यानं चॉकलेटचा भाव वाढतो आणि भाजी शिक्षा ठरते. नवी भाजी चमचाभर वाढत राहा. आठ-दहा वेळा पानात दिसल्यावर मूल ती चाखतं, कधी त्याहून उशिरा.

या घरात आम्ही डबा लहान केला, बिस्किटं दुकानातच ठेवली, संध्याकाळी पाच वाजता केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू ठरवला, मेथी निवडायचं काम त्याच्याकडे दिलं. घरात आल्या आल्या डब्याची चौकशी करायची नाही, ही अट आईंना सगळ्यात जड गेली. आजींना मोबाइल सोडवायला मात्र दिवाळी उजाडली.

अर्धी पोळी अजूनही कधीकधी परत येते. येऊ दे. वजन घटत असेल, घास गिळताना त्रास होत असेल किंवा मूल दोन-चार पदार्थांपलीकडे कशालाच हात लावत नसेल, तर माझ्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.